कडेकडेने जा, पण दिसत जा

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वेळापत्रक तेच असते, रस्ता तोच असतो, घर आणि शाळा यांतले अंतरही तेवढेच असते. बदललेला असतो तो उजेड. नंदुरबार जिल्ह्यात जून महिन्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आतच. शाळा पाच-साडेपाचला सुटली आणि पुढे तासभर क्लास असला, तर जुलैत उजेडात घरी पोहोचणारी मुलगी नोव्हेंबरात काळोखात पेडल मारत असते. आणि याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम सुरू होतो. पुरुषोत्तमनगर आणि समशेरपूरच्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात, कापसाच्या गाड्या निघतात, नंदुरबारच्या बाजार समितीकडे मिरचीचे टेम्पो लागतात. वर्षातला सगळ्यात कमी उजेड आणि सगळ्यात जास्त अवजड वाहतूक एकाच वेळी एकाच रस्त्यावर येते.

मी शहाद्याच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि शाळेत सायकलने जातो. सायकलवरच्या सुरक्षिततेबद्दल आपल्याकडे जे सांगितले जाते ते जवळजवळ सगळे एका वाक्यात मावते: ‘कडेकडेने जा.’ आई सांगते, शिक्षक सांगतात, ट्रकवाला हॉर्न वाजवून तेच सांगतो. हा सल्ला चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

आधी सायकलवर कोण आहे ते पाहू. शहरी वर्तमानपत्रांत सायकल म्हणजे रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघालेला तंदुरुस्त गृहस्थ. आमच्याकडे सायकल म्हणजे दुधाचे कॅन लावलेला गवळी, पहाटे बाजारात भाजी आणणारा शेतकरी, कारखान्यातला किंवा जिनिंगमधला मजूर आणि शाळेच्या गणवेशातल्या मुली. मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली त्यामागे सरकारी योजनाही आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागास तालुके आहेत. त्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. पाच किलोमीटरच्या आतली मुलगी सायकलवर, त्यापलीकडची मानव विकासच्या निळ्या बसमध्ये, अशी ढोबळ विभागणी आहे. धडगाव परिसरातल्या डोंगराळ वाटांवर सायकल फारशी चालत नाही. शहादा, तळोदा, नंदुरबार हा तापीकाठचा सपाट पट्टा मात्र सायकलीचाच मुलूख आहे.

सायकलीने मुलींच्या शिक्षणाला काय होते, हे बिहारमध्ये मोजले गेले आहे. तिथे २००६ मध्ये नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत वयानुरूप नाव दाखल होण्याचे मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि सर्वाधिक फायदा शाळा दूर असलेल्या गावांतल्या मुलींना झाला. म्हणजे रस्ता धोक्याचा आहे म्हणून मुलीची सायकल बंद करणे याचा अर्थ अनेक घरांत तिची शाळा बंद करणे असा होतो. माझ्या वर्गात असे घडताना मी पाहिले आहे. रस्त्यावर कुठे अपघात झाला की पुढच्या आठवड्यात दोन-तीन बाके रिकामी दिसतात.

आता त्या उरलेल्या अर्ध्या सल्ल्याकडे येतो.

रात्री सायकलवरच्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात. ‘मला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्याला मी दिसतो’ असे तो धरून चालतो. मुलांना विचारले तर दहातली नऊ हेच सांगतात: ‘सर, एवढा मोठा लाईट असतो त्याला, दिसणारच ना!’ प्रत्यक्षात खाली केलेल्या दिव्यात गडद कपड्यांतला माणूस तीसेक मीटरवर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही, असे धरून हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात २५ मीटर संपले. उरले पाच. भरलेल्या ट्रकला थांबायला कितीतरी पाच मीटर लागतात. सायकलवाला त्याच दिशेने चालला असल्याने थोडा वेळ जास्त मिळतो, पण समोरून दुसरी गाडी डोळ्यांवर प्रखर दिवे टाकत आली, की ते तीस मीटरही उरत नाहीत.

इथे चालकाची चूक नाही असे मी म्हणत नाही. दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल एवढ्याच वेगाने गाडी हाकावी, हा साधा नियम आहे. तो पाळला जात नाही, आणि चालक सुधारेपर्यंत आठवीतली मुलगी थांबू शकत नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. आजोबांच्या काळी दिव्याशिवाय सायकल रात्री चालवली तर पोलीस धरायचा, कधी चाकातली हवा सोडून द्यायचा. डबलसीटचेही तेच. आधी रॉकेलचा दिवा होता, मग डायनॅमो आला; तो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचे आणि चढावर दिवा मंद व्हायचा. पुढे मोटारसायकली आल्या, सायकल ही गरिबाची म्हणून कुणाच्या खिजगणतीत राहिली नाही, आणि तिचा दिवाही गेला.

आज दिव्यापेक्षा स्वस्त उपाय प्रत्येक गावात मिळतो. त्याला सगळे ‘रेडियम’ म्हणतात. नंबरप्लेट रंगवणाऱ्या दुकानात त्याच्या पट्ट्या मिळतात. मेरी क्युरींच्या रेडियमशी त्याचा काडीचा संबंध नाही. हा पदार्थ स्वतः उजळत नाही. त्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात आणि ते पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता आला त्याच दिशेला परत पाठवतात. आरशाचे तसे नाही. आरसा तिरका धरला की कवडसा भलतीकडे जातो. रेडियमची पट्टी थोडी तिरकी असली तरी प्रकाश गाडीच्या दिव्याकडेच परततो, आणि चालकाचे डोळे त्या दिव्याच्या जवळच असतात. घरी करून पाहा. अंधारात मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून भिंतीला चिकटवलेल्या पट्टीकडे पाहा; लख्ख दिसेल. आता टॉर्च हात लांब करून बाजूला धरा. पट्टी विझल्यासारखी होईल. चांगली पट्टी शंभर-दीडशे मीटरवरूनही चमकते. दीडशे मीटर म्हणजे ६०च्या वेगाला नऊ सेकंद.

पट्टी कुठे लावायची, यावर मात्र विचार केलेला दिसत नाही. बहुतेक जण ती मागच्या मडगार्डवर लावतात आणि काम झाले समजतात. १९७३ मध्ये गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने एक गंमत दाखवली होती. अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके लावले आणि तो स्थिर उभा राहिला, तर पाहणाऱ्याला काही कळत नाही. तो चालू लागला की क्षणात ‘हा माणूस आहे’ हे कळते. आपला मेंदू हालचालीवरून माणूस ओळखतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच सायकलस्वारांवर तपासले. रात्री बंद रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला सांगून सायकलस्वार ओळखू येतो का ते पाहिले. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के वेळा ओळखला गेला. भडक पोपटी, म्हणजे फ्लोरोसंट जाकिटातला १५ टक्के. चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला ५० टक्के. आणि जाकिटाबरोबर घोट्याला व गुडघ्याला पट्ट्या बांधलेला ९० टक्के.

यातला पोपटी जाकिटाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. भडक रंग दिवसा उठून दिसतो, कारण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तो उजळतो. गाडीच्या दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात. रात्री तो रंग साध्या कापडासारखाच. पुष्कळ पालक हौसेने असे जाकीट घेतात, तेव्हा हे सांगावे लागते.

म्हणजे सगळ्यात मोलाची जागा आहे घोटा आणि पेडल. पेडल मारताना ते सतत वरखाली होते. मागून येणाऱ्याला लांबून दोन ठिपके नाचताना दिसतात आणि पुढे मैलाचा दगड नाही, माणूस आहे हे कळते. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने नव्या सायकलींसाठी प्रकाश परावर्तकांचे मानक बंधनकारक केले. नव्या सायकलींवर मागे लाल, पुढे पांढरा, पेडलांना पिवळसर असे तुकडे दिसतात ते त्यामुळे. पण पेडल हीच सायकलीची सर्वांत आधी मोडणारी वस्तू. दुरुस्तीच्या दुकानात बदलून येते ते साधे रबरी पेडल, आणि चमकणारा तुकडा भंगारात जातो. जुन्या सायकलींना तर तो कधी नव्हताच. पेडलाच्या मागच्या-पुढच्या कडेला, चाकाच्या दोन आऱ्यांना, मागच्या मडगार्डला आणि दप्तराच्या पाठीला पट्टी चिकटवली तरी शंभर रुपयांच्या आत काम होते. घोट्यासाठी जुन्या पट्ट्याच्या तुकड्यावर रेडियम शिवून घ्यायचे. सलवारीचा घोळ साखळीत जाऊ नये म्हणून मुली तिथे रबर लावतातच. त्याच जागी हे बसते.

आता ‘कडे’कडे येऊ. आमच्या रस्त्यांना कड म्हणजे साइडपट्टी. डांबर संपते तिथे ती बरेचदा चार-सहा इंच खाली असते, आणि पावसाळा संपल्यावर आणखी खचलेली. मागून हॉर्न वाजला की घाबरलेले पोर पुढचे चाक खाली उतरवते आणि लगेच वर घ्यायला जाते. चाक डांबराच्या धारेला घासते, हँडल वळते पण सायकल वळत नाही, आणि पोर उजवीकडे, म्हणजे गाडीच्या बाजूला पडते. उतरायचेच असेल तर वेग कमी करून सरळ उतरावे, पुढे डांबर आणि माती सपाट मिळतात तिथे परत चढावे, आणि तसे ठिकाण नसेल तर पाय टेकून सायकल उचलावी. प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या तापीवरच्या पुलांवर तर साइडपट्टीच संपते. कठड्याला चिकटून जाणाऱ्याला तिथे सरकायला जागा उरत नाही. मागून डबल ट्रॉली येत असेल तर पुलावर चढण्याआधी थांबून तिला पुढे जाऊ देणे हाच शहाणपणा.

तेव्हा डांबराच्या अगदी धारेवर न चालता हातभर आत, एका रेषेत चालावे. त्यामुळे खड्डा आला तर डावीकडे सरकायला वाव राहतो, अचानक उजवीकडे झोकांडी जात नाही. याचा अर्थ रस्त्याच्या मधोमध जावे असा नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयान वॉकर यांनी स्वतःच्या सायकलीला अंतर मोजणारे यंत्र लावून दोन हजारांहून अधिक ओव्हरटेक नोंदवले. कडेपासून ते जितके आत गेले, तितक्या गाड्या त्यांना जास्त घासून गेल्या. गाडीवाले आपला ठरलेला मार्ग फारसा सोडत नाहीत, असा त्याचा अर्थ. (याच प्रयोगात त्यांनी लांब केसांचा टोप घातला तेव्हा गाड्या अधिक अंतर राखून गेल्या. आमच्याकडे वेण्यांचा असा काही मान राखला जात असल्याचे मला तरी दिसलेले नाही.) जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडणे कायद्याने सक्तीचे आहे.

उसाच्या ट्रॉल्यांचे गणित वेगळेच आहे. एक तर ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, त्यामुळे चाक लांबून गेले तरी टिपऱ्या हँडलला लागतात. दुसरे, ट्रॅक्टर पुढे गेला म्हणजे वाहन गेले असे वाटते आणि मुले परत रस्त्यावर येतात. तोवर दुसरी ट्रॉली यायची असते. तिसरी गोष्ट वळणावरची. मागे जोडलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीने वळत नाही, ती आतून कापते. ट्रॅक्टर डावीकडे वळताना कोपऱ्यापासून चांगला लांबून गेलेला असतो आणि मागची ट्रॉली मात्र कोपरा घासत येते. कोपऱ्यावर ‘कडेला’ उभा असलेला सायकलवाला नेमका तिच्या वाटेत सापडतो. एसटी आणि ट्रकचेही थोड्याफार फरकाने असेच. त्यात ट्रकची डावी बाजू, ज्याला चालक लोक क्लीनर साइड म्हणतात, ती चालकाला सर्वांत कमी दिसणारी बाजू आहे. नंदुरबारच्या धुळे चौफुलीसारख्या ठिकाणी थांबलेल्या ट्रकच्या डावीकडच्या फटीतून पुढे सरकण्याचा मोह सगळ्या सायकलवाल्यांना होतो. त्या फटीत जाऊ नये. मागे थांबावे, किंवा इतके पुढे जावे की चालकाचा चेहरा आपल्याला दिसेल. त्याचा चेहरा दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही.

गावातल्या गर्दीत वेग कमी, म्हणून धोकाही बराच वेगळा. मंगळ बाजारासारख्या रस्त्यावर ट्रकपेक्षा उघडणारे दार जास्त घात करते. उभ्या गाड्यांपासून दाराएवढे, म्हणजे मीटरभर अंतर ठेवून चालावे, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी. इथे सायकल आणि बाकी वाहतूक जवळपास एकाच वेगाने सरकत असते, तेव्हा थोडी जागा हक्काने घ्यायला हरकत नाही.

उलट बाजूने येण्याची सवय मात्र मोडायला हवी. ‘समोरची गाडी दिसते म्हणून बरे’ असे कारण दिले जाते. ते पायी चालणाऱ्याला लागू आहे, सायकलला नाही. गाडी ६०ने आणि सायकल १२ने एकाच दिशेला असतील तर दोघांतले अंतर ४८च्या वेगाने मिटते, समोरासमोर असतील तर ७२च्या. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक ज्या बाजूने वाहने यायला हवीत तिकडेच बघतो.

ब्रेकबद्दल थोडे. बहुतेक सायकलींवर उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, आणि ‘पुढचा दाबला की उलटशील’ म्हणून मुलांना तो वापरूच दिला जात नाही. खरे तर थांबताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद त्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबावेत. जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलींची लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक नुसता सरकतो. पहिली काही फिरकी रिम पुसण्यातच जातात. म्हणून पावसात ब्रेक आधीपासून हलका लावून ठेवायचा.

हेल्मेटचा प्रश्न सगळे विचारतात. मोटार वाहन कायद्यातली सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. २०१६ मध्ये ४० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले; त्यात हेल्मेटमुळे डोक्याला दुखापत होण्याची शक्यता निम्म्यावर आणि गंभीर दुखापतीची त्याहूनही कमी झाल्याचे आढळले. घेता आले तर घ्यावे, आणि कपाळावर दोन बोटे सोडून घट्ट बसवावे. पण हेल्मेट धडक झाल्यावर कामाला येते, रेडियम धडक होऊ नये म्हणून. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी आधी रेडियम सांगेन.

हे सगळे सायकलवाल्याने करायचे, याचा मला रागही येतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तिथल्या आईबापांनी मुलांना ‘कडेकडेने जा’ एवढे सांगून सोडले नाही. ते रस्त्यावर बसले, ‘बालहत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत वेगळे सायकलमार्ग झाले. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलवरची साडेचार हजारांहून अधिक होती. आमच्या भागात वेगळे मार्ग मागणे आज दूरचे वाटेल. पण साइडपट्टी डांबराच्या बरोबरीला भरणे, शाळेजवळ गतिरोधकावर पांढरे पट्टे ओढणे आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहे का ते पाहणे, यांपैकी एकालाही मोठा निधी लागत नाही. सायकलच्या अनुदानाबरोबर एक रेडियमचा गुंडाळा दिला तर पाच हजारांत शंभराची भर पडेल.

शेवटी, अपघात झालाच तर. १०८ वर फोन करावा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगायला भाग पाडू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ हे संरक्षण देते. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही, तरीही भरपाई मिळते, हे आमच्या पाड्यांवर फार थोड्यांना माहीत आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो आणि त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली हवी. म्हणून ‘गाडीच सापडली नाही, मग तक्रार कशाला’ असे म्हणून परत येऊ नये. गाडी सापडली, तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तो सहा महिन्यांच्या आत करावा अशी तरतूद त्याच दुरुस्तीने आली आहे. सायकलवाल्याचा स्वतःचा विमा असावा लागत नाही. ट्रक असो, टेम्पो असो की उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या सक्तीच्या विम्याच्या दृष्टीने रस्त्यावरचा सायकलवाला हा ‘थर्ड पार्टी’ असतो, आणि तो विमा त्याच्यासाठीच काढलेला असतो.